हाताची हालचाल परत मिळवताना नव्या यंत्रांची मदत खरोखर किती होते?

ओंजळ

माझ्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. त्यांचे वय 67 आहे. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकल्यामुळे उजवी बाजू लुळी पडली, बोलणे मात्र सुदैवाने वाचले. आता ते काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पण उजवा हात अजून मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडून असतो. खांदा थोडा उचलला जातो, कोपर वाकते, मनगट किंचित वर येते, परंतु बोटे एकदा मिटली की ती उघडायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागते.

आम्ही जिथे फिजिओथेरपीसाठी जातो, तिथे आता हातासाठी रोबोटिक यंत्राची सत्रे सुचवली आहेत. एका परिचितांनी विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू चालवण्याच्या उपचाराचा आग्रह धरला आहे, तर दुसऱ्यांनी डोळ्यांवर चष्मा लावून खेळायच्या आभासी खेळांबद्दल सांगितले. प्रत्येक जण आपापल्या उपायाबद्दल इतक्या खात्रीने बोलतो की मी पुरती गोंधळले आहे.

रोबोटिक यंत्राची तीन सत्रे झाल्यावर बाबा मला म्हणाले, "हात ते मशीनच हलवते, मी नुसता बसून असतो." हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. या नव्या तंत्रांपैकी कशाचा खरोखर उपयोग होतो आणि ते कसे ओळखायचे, याबद्दल आपले अनुभव आणि अभ्यास कृपया लिहावेत.

पायवाट

ओंजळ, मी गेली 20 वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आहे आणि त्यातील बराचसा काळ पक्षाघाताच्या रुग्णांबरोबर गेला आहे. तुमच्या बाबांनी एका वाक्यात जे सांगितले, ते आमच्या शास्त्राचे मर्म आहे. आपला हात कोणीतरी हलवून देणे आणि आपण तो हलवण्याचा प्रयत्न करणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसल्या तरी मेंदूच्या दृष्टीने अगदी वेगळ्या आहेत. पहिल्यामुळे सांधा मोकळा राहतो आणि स्नायू आखडत नाहीत, आणि तेवढ्यापुरती ती आवश्यकही आहे. पण मेंदूच्या शाबूत भागाने हाताचे काम नव्याने शिकावे असे वाटत असेल, तर प्रयत्न रुग्णाचाच असावा लागतो. तो फसला तरी चालतो.

दुसरी गोष्ट संख्येची. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात थेरपीच्या सत्रांमध्ये नेमके काय घडते, हे शेजारी बसून मोजले गेले. ज्या सत्रांत हाताच्या कामाचा सराव झाला, त्यांत एका सत्रात सरासरी 32 पुनरावृत्ती भरल्या. प्राण्यांवरील ज्या प्रयोगांतून मेंदूतील बदल दिसून आले, त्यांत दिवसाला शेकडो पुनरावृत्ती होत्या. ही तफावत वाचली तेव्हा मी माझ्याच सत्रांत मोजून पाहिले आणि माझा आकडाही तिशीच्या आसपासच निघाला. बराच वेळ रुग्णाला खुर्चीत नीट बसवण्यात, हात ताणून मोकळा करण्यात आणि बोलण्यात जात होता.

त्यामुळे कोणत्याही नव्या यंत्राकडे मी याच दृष्टीने पाहतो. त्यामुळे रुग्णाचे स्वतःचे प्रयत्न वाढत असतील, तर ते कामाचे. त्याच्या प्रयत्नांची जागाच ते घेत असेल, तर कितीही आधुनिक असले तरी त्याचा उपयोग सांधे मोकळे ठेवण्यापलीकडे जात नाही.

दगडफूल

पायवाट यांच्या मुख्य मुद्द्याशी सहमत असूनही एका गोष्टीला हरकत घ्यावीशी वाटते. मी यंत्र अभियंता आहे आणि अशा उपकरणांच्या नियंत्रणप्रणालीवर काही वर्षे काम केले आहे. "रोबोट हात हलवतो आणि माणूस बसून राहतो" हे या उपकरणांचे खरे स्वरूप नाही, तो त्यांच्या चुकीच्या वापराचा परिणाम आहे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी 1989 पासून जे यंत्र विकसित केले, त्याचा पायाच असा होता की यंत्राचा दांडा रुग्णाने ढकलला तर तो सहज सरकला पाहिजे. कारखान्यातला रोबोट अडला तरी हटत नाही, पण इथे यंत्राने माणसापुढे नमते घ्यायचे असते. पडद्यावर एक बिंदू दिसतो आणि रुग्ण हात तिकडे नेण्याचा प्रयत्न करतो. प्रयत्न सुरू झाला की यंत्र वाट पाहते, हात भरकटला तर हलकेच मार्गावर आणते आणि अगदीच थांबला तर उरलेल्या अंतरापुरता आधार देते. रुग्ण सुधारत जातो तसतसा हा आधार कमी करता येतो. याला "गरजेपुरती मदत" म्हणतात. आणि अशा एका तासात शेकडो हालचाली सहज होतात, म्हणजे पायवाट ज्या संख्येबद्दल बोलत आहेत ती गाठण्यासाठी हेच साधन उत्तम आहे.

याच यंत्रांमध्ये पूर्णपणे यंत्रानेच हात फिरवण्याचा एक पर्यायही असतो. अगदी लुळ्या हातासाठी तो ठेवलेला असतो, आणि कर्मचाऱ्यांना घाई असली की सगळ्यांसाठी तोच लावला जातो. ओंजळ, तुमच्या बाबांसाठी कोणता पर्याय लावला आहे, हे तिथे स्पष्टपणे विचारा.

पायवाट

दगडफूल, हा फरक तुम्ही फार चांगला उलगडून सांगितला. मात्र तेच यंत्र वापरून ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीबद्दलही इथे लिहायला हवे. 2019 मध्ये तिचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिच्यात 770 रुग्ण होते. एका गटाला रोबोटवर सराव, दुसऱ्याला तितकाच वेळ थेरपिस्टबरोबर रोजच्या कामांचा सराव आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार, अशी विभागणी होती. तीन महिन्यांनी हाताने काम करण्याच्या क्षमतेची मुख्य कसोटी घेतली, तेव्हा रोबोटचा गट नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा पुढे गेलेला आढळला नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर थेरपिस्टबरोबर सराव करणारा गटही त्या कसोटीवर पुढे नव्हता.

पण तपशील बोलके आहेत. रोबोटच्या गटात हाताची नुसती हालचाल सुधारली होती, पण ती रोजच्या कामांत उतरली नाही. थेरपिस्टच्या गटात हालचालीबरोबर दैनंदिन कामांतही थोडी सुधारणा दिसली. मेजावर दांडा इकडून तिकडे नेता आला म्हणून सदऱ्याचे बटण लावता येईलच असे नाही. बटण लावायला बटणाचाच सराव लागतो.

दगडफूल

ती चाचणी मला माहीत आहे आणि तिचे महत्त्व मी नाकारत नाही. मात्र 2018 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात अशा अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर हाताची ताकद, हालचाल आणि दैनंदिन कामे या तिन्हींत सुधारणा दिसली होती. म्हणून मी इतकेच म्हणेन की रोबोटवरचा अर्धा तास आणि त्याला जोडून लगेच खऱ्या वस्तूंवरचा अर्धा तास, असा मेळ घातला तर दोन्हींचा लाभ मिळतो. यंत्रावर मोकळा झालेला हात तसाच मांडीवर ठेवून घरी जाणे, हा खरा तोटा आहे.

रानजाई

या चर्चेत सगळ्यांत साध्या साधनाचा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून लिहिते. ते साधन म्हणजे आरसा.

माझ्या मावशीचा डावा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला. जखम भरली, पण नसलेल्या पायाची बोटे कोणीतरी पिळून धरली आहेत असे तिला वाटत राही आणि ती रात्र रात्र जागी असे. औषधांनी थोडा उतार पडायचा, पण टिकायचा नाही. तिच्या थेरपिस्टने दोन्ही पायांच्या मध्ये उभा आरसा अशा रीतीने ठेवायला सांगितले की उजव्या पायाचे प्रतिबिंब डाव्या पायाच्या जागी दिसावे. मग आरशात पाहत उजव्या पायाची बोटे सावकाश उघडायची आणि मिटायची. पहिल्या दिवशी ती एकदम थांबली आणि म्हणाली, "सुटली गं बोटं." त्या क्षणी तिचे खांदे कसे खाली आले ते मला आजही दिसते. वेदना त्या दिवशीच गेल्या नाहीत, परत येतच राहिल्या, पण रोज पंधरा मिनिटे असे दीड महिना केल्यावर तिला सलग झोप लागू लागली.

हे तंत्र डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात मांडले. पुढे ते पक्षाघाताच्या हातासाठीही वापरले जाऊ लागले. चांगला हात आरशासमोर आणि दुबळा हात आरशामागे ठेवायचा. चांगल्या हाताची हालचाल आरशात दुबळ्या हाताची वाटते, आणि त्याच वेळी दुबळ्या हातानेही तीच हालचाल करण्याचा प्रयत्न करायचा. 60 हून अधिक अभ्यासांच्या 2018 मधील आढाव्यात नेहमीच्या उपचारांना पूरक म्हणून याचा लाभ दिसून आला आहे. ओंजळ, तुमच्या बाबांची बोटे उघडत नाहीत, अशा अवस्थेतही हे करून पाहता येते.

सांजपक्षी

रानजाई, फार मोलाचा अनुभव. एक शंका आहे: ज्यांना एका बाजूचे भानच राहत नाही, त्यांना आरशाचा उपयोग होतो का?

पायवाट

सांजपक्षी, अशा रुग्णांच्या बाबतीत थेरपिस्ट समोर बसलेला असणे आवश्यक आहे, कारण त्यांचे लक्ष आरशाकडे वारंवार वळवावे लागते. डाव्या बाजूचे भान हरपणे हे प्रामुख्याने मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर दिसते. ओंजळ यांच्या वडिलांच्या मेंदूचा डावा भाग बाधित आहे, त्यामुळे त्यांच्याबाबत ही अडचण येण्याची शक्यता कमी.

रानजाई यांच्या प्रतिसादातील एक गोष्ट अधोरेखित करतो. "दुबळ्या हातानेही तीच हालचाल करण्याचा प्रयत्न करायचा" हा भाग अनेक जण गाळतात. मग आरसा हे नुसते पाहण्याचे साधन उरते.

वेगवंत

थोडे विषयांतर वाटेल, पण मुद्दा याच धाग्याचा आहे. मी धावपटू आहे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या पुढच्या क्रुशिएट लिगामेंटची, म्हणजे सांधा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या बंधाची, शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांत मांडी इतकी वाळली की टेपने मोजल्यावर दोन्ही मांड्यांत तीन सेंटिमीटरचा फरक आला. ताकद वाढवायला वजन उचलायला हवे, पण नव्या लिगामेंटवर जड वजनाचा ताण चालणार नाही, अशी ही कोंडी होती.

तेव्हा माझ्या फिजिओने रक्तप्रवाह मर्यादित ठेवून व्यायाम करण्याचे तंत्र वापरले. मांडीच्या वरच्या भागाला रक्तदाब मोजतात तसला रुंद पट्टा बांधतात आणि त्यातला दाब यंत्राने नियंत्रित ठेवतात. धमनीतून रक्त येणे पूर्ण थांबवायचे नसते, ते कमी करायचे असते. मग आपण जास्तीत जास्त जे वजन एकदा उचलू शकतो, त्याच्या 20 ते 30 टक्के इतक्या हलक्या वजनानेही स्नायू जड वजन उचलल्यासारखा थकतो. पहिल्या तीस वेळा पाय सरळ करताना काही वाटत नाही, नंतरच्या पंधरा वेळांना मांडी अक्षरशः पेटते, आणि पट्टा सोडल्यावर पायात ऊब उतरत जाते. हे मूळचे जपानचे, योशिआकी सातो यांनी विकसित केलेले तंत्र आहे. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा अनियंत्रित रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि घरच्या घरी दोरी किंवा साधा पट्टा बांधून तर कोणीच करू नये.

इथेही माझा पाय मलाच हलवावा लागला. पट्ट्याने फक्त कमी वजनात अधिक काम करून घेतले.

एकतारा

मी या धाग्यावरचा बहुधा सर्वांत ज्येष्ठ सदस्य असेन. वय 78. गेल्या वर्षी घसरून पडलो आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण त्यानंतर घरच्यांच्या प्रेमापोटी मी तीन आठवडे जवळजवळ अंथरुणातच होतो. "बाबा, उठू नका, मी देते" हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकत होतो. त्याचा परिणाम असा झाला की हाड जुळले, पण खुर्चीतून उठता येईना.

नंतर मला समजले की 2007 मधल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांसल भाग घटला होता. ते तर आजारीही नव्हते. माझ्या थेरपिस्टने मला दुसऱ्या एका अभ्यासाबद्दल सांगितले, आणि तो मी कधी विसरणार नाही. 1990 मध्ये नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे वजनांचा जोरकस व्यायाम दिला गेला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. "तुम्ही तर त्यांच्यापेक्षा तरुण आहात," असे म्हणून तिने माझ्या घोट्याला वजन बांधले.

पहिल्या दिवशी हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात मी खुर्चीतून फक्त दोनदा उठू शकलो. आज अकरा वेळा उठतो. माझ्या पुनर्वसनातले सर्वांत उपयोगी साधन म्हणजे ती खुर्ची आणि समोरच्या भिंतीवरचे सेकंदकाट्याचे घड्याळ.

चांदणवेल

एकतारा काका, अकराचे पंधरा व्हावेत ही मनापासून सदिच्छा. आपला प्रतिसाद मी माझ्या सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

काजवा

मला इथे वेगळा सूर लावावा लागतो आहे. वरच्या बऱ्याच प्रतिसादांचा रोख "अधिक प्रयत्न, अधिक संख्या" असा आहे. मी माझ्या आईची सात वर्षे काळजी घेतली आहे आणि अधिक म्हणजे चांगले, या समजुतीचा तोटा जवळून पाहिला आहे.

पक्षाघातानंतर तिच्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडले होते, त्यामुळे सांधा किंचित खाली सरकला होता. आम्ही जात होतो त्या केंद्रात तिचा दुबळा हात डोक्यावरच्या कप्पीच्या दोरीला बांधून चांगल्या हाताने वर ओढायला लावत. रोज शंभर वेळा. आई दुखते म्हणायची आणि आम्ही तिला धीर धरायला सांगायचो. दोन महिन्यांत तिचा खांदा इतका दुखू लागला की कपडे बदलतानाही ती ओरडायची. पुढे दुसऱ्या थेरपिस्टने सांगितले की अशा खांद्यासाठी डोक्यावरची कप्पी धोक्याची असल्याचे फार पूर्वीपासून ज्ञात आहे. आईचे म्हणणे मी तेव्हा ऐकून घेतले नाही, याचे दुःख मला आजही आहे.

लवकर आणि जास्त हे सूत्रही प्रत्येक वेळी लागू पडत नाही. पक्षाघातानंतर पहिल्या 24 तासांत रुग्णाला उठवून वारंवार हालचाल करायला लावावी का, हे पाहण्यासाठी पाच देशांतल्या 2,104 रुग्णांवर चाचणी झाली होती. 2015 मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा तीन महिन्यांनंतर चांगल्या अवस्थेत असलेल्यांचे प्रमाण त्या गटात उलट कमी निघाले. म्हणून थकवा, वेदना आणि मनाची उभारी या गोष्टीही संख्येइतक्याच गांभीर्याने मोजल्या जाव्यात.

पायवाट

काजवा, तुम्ही लिहिलेले प्रत्येक वाक्य माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. खांद्याच्या त्या अवस्थेत कप्पी वापरणे चूकच होते, आणि रुग्ण दुखते म्हणतो तेव्हा ती तक्रार नसते, ती माहिती असते. शिवाय तो सराव आईच्या दुबळ्या हाताचा नव्हताच, चांगला हात दुबळ्या हाताला ओढत होता. संख्येबद्दल मी जे लिहिले ते रुग्णाच्या स्वतःच्या, वेदनारहित प्रयत्नांबद्दल आहे. हे तेव्हाच स्पष्ट करायला हवे होते.

2015 च्या त्या चाचणीचा संबंध पहिल्या काही दिवसांशी आहे. ओंजळ यांचे वडील चार महिन्यांच्या टप्प्यावर आहेत, आणि तिथे दुसरी एक चाचणी अधिक लागू पडते.

एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखवले होते की एका हाताची संवेदना गेली की माकड तो हात वापरणे सोडून देते आणि वापरता येण्यासारखा असला तरी पुढेही वापरत नाही. न वापरण्याची ती सवयच लागते. चांगला हात अडवून ठेवला की दुबळा हात पुन्हा कामाला लागतो. यावर आधारलेला उपचार 222 रुग्णांवर तपासला गेला आणि 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सगळ्या रुग्णांना पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झाले होते. दोन आठवडे त्यांनी जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ चांगल्या हातावर जाड हातमोजा घातला आणि रोज कित्येक तास दुबळ्या हाताने सराव केला. एक वर्षानंतरही सुधारणा टिकून होती.

अट अशी की मनगट आणि काही बोटे थोडे अंश तरी स्वतःहून उचलता आली पाहिजेत. तुमच्या वडिलांचे मनगट किंचित वर येते, असे तुम्ही लिहिले आहे. बोटांमध्ये अगदी थोडी का होईना, उघडण्याची हालचाल आहे का, हे थेरपिस्टकडून कोनमापकाने मोजून घ्या. हातमोजा घालून चालताना तोल जाऊ शकतो, म्हणून तो बसलेल्या वेळीच घालावा, आणि सुरुवात दिवसातून दोन तासांनी केली तरी चालते.

दगडफूल

बोटे उघडत नसतील तर तिथे विजेच्या उत्तेजनाला जागा आहे. ही कल्पना जुनी आहे: चालताना पाऊल लोंबकळू नये म्हणून टाच उचलली की पायाच्या नसेला विद्युतस्पंद देणारे उपकरण लिबरसन यांनी 1961 मध्येच मांडले होते. हाताच्या बाबतीत कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड चिकटवतात. रुग्णाने बोटे उघडण्याचा प्रयत्न केला की स्नायूंतला अगदी क्षीण विद्युतसंकेत काही उपकरणे ओळखतात आणि त्या क्षणी स्पंद देऊन हालचाल पूर्ण करतात. स्पंद आपोआप ठराविक अंतराने येतो अशा उपकरणापेक्षा मी याला पसंती देईन. आपोआप येणारेच उपकरण असेल तर निदान स्पंदाच्या वेळी स्वतःही जोर लावावा. पेसमेकर बसवलेला असेल तर मात्र हृदयाच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे अजिबात करू नये.

2021 मध्ये आणखी एक नवे तंत्र पुढे आले. छातीत छोटे उपकरण बसवून मानेतल्या व्हेगस नसेला (मेंदूतून निघून छाती-पोटाकडे जाणाऱ्या नसेला) दुबळ्या हाताच्या प्रत्येक प्रयत्नाबरोबर अर्ध्या सेकंदाचे उत्तेजन देतात. पक्षाघात होऊन किमान नऊ महिने उलटलेल्या 108 रुग्णांवर चाचणी झाली आणि खरे उत्तेजन मिळालेल्या गटाची सुधारणा अधिक होती, म्हणून अमेरिकेत त्याच वर्षी त्याला मान्यता मिळाली. यासाठी शस्त्रक्रिया लागते, त्यामुळे ओंजळ यांच्यासाठी ही आजची निवड नव्हे. पण सराव न करता नुसते उत्तेजन देणे हा तो उपचार नाहीच, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

सांजपक्षी

आभासी खेळांबद्दल ओंजळ यांनी विचारले होते, त्यावर अजून कोणी लिहिले नाही.

पायवाट

2016 मध्ये याबद्दल एक चाचणी प्रसिद्ध झाली. 141 रुग्णांपैकी निम्म्यांनी टीव्हीसमोर हालचाल ओळखणाऱ्या व्हिडिओ खेळांवर सराव केला आणि उरलेल्यांनी पत्ते, चेंडू अशा साध्या खेळांवर. दोन्ही गट सारखेच सुधारले. मला ही बातमी आनंदाची वाटली. ज्याला पडद्यावरच्या खेळात गोडी वाटते त्याने तो खेळावा, आणि ज्याला पत्ते प्रिय आहेत त्याने दुबळ्या हाताने पत्ते वाटावेत.

वेगवंत

दूरस्थ पुनर्वसनाबद्दलही थोडे. रोज केंद्रापर्यंत जाणे हीच अनेकांची मोठी अडचण असते. 2019 मध्ये 124 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात संगणकाद्वारे थेरपिस्टच्या देखरेखीखाली घरी केलेला हाताचा सराव केंद्रातल्या तितक्याच सरावापेक्षा कमी पडला नाही. देखरेख मात्र हवी, नुसते व्हिडिओ पाहून केलेला व्यायाम म्हणजे दूरस्थ पुनर्वसन नव्हे.

मनगटी घड्याळाच्या पावलांच्या आकड्यावरही फार विसंबू नका. वॉकर धरून चालणाऱ्यांचा हात हलतच नाही, आणि घड्याळ कितीतरी पावले मोजतच नाही. माझे आजोबा त्यामुळे हिरमुसले होते. ते उपकरण घोट्याला बांधल्यावर आकडा खरा येऊ लागला.

ओंजळ

सात आठवड्यांनी परत लिहिते आहे. उशिराबद्दल क्षमस्व, पण मला प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचे नव्हते.

दगडफूल यांच्या सांगण्यानुसार केंद्रात विचारले. यंत्र पूर्णपणे स्वतःहून हात फिरवण्याच्या पर्यायावरच ठेवलेले होते. तिथल्या तरुण थेरपिस्टने लगेच तो बदलला आणि त्या दिवशी अर्ध्या तासानंतर बाबांच्या कपाळावर घाम होता. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "आज मी काम केलं." बोटांचा कोन मोजला, तर तर्जनी आणि मधले बोट आठ-दहा अंश उघडत होते, जे आम्हाला डोळ्यांनी कधी दिसलेच नव्हते. मोज्याच्या उपचारासाठी हे अगदी काठावरचे आहे, असे सांगून त्यांनी आधी सहा आठवडे विजेच्या उत्तेजनाबरोबर सराव करायला सांगितले.

घरी मी एक वही ठेवली आहे. एका पसरट डब्यात लाकडी ठोकळे आहेत. प्रत्येक ठोकळा उचलून दुसऱ्या डब्यात सोडला की एक रेघ. पहिल्या दिवशी 11 रेघा होत्या आणि त्यातल्या सहा वेळा ठोकळा हातातून सुटलाच नाही, मला बोटे उघडून द्यावी लागली. काजवा यांचे वाचल्यापासून प्रत्येक पानावर खांदा दुखला का, याचाही एक रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय दुसरी फेरी सुरू करत नाही. गेल्या आठवड्यात एका दिवशी 140 रेघा झाल्या. आरसा सकाळी, ठोकळे दुपारी आणि संध्याकाळी माझ्या मुलीबरोबर पत्ते.

परवा मी स्वयंपाकघरातून पाहिले, तर बाबा खोलीच्या दाराशी उभे होते. डाव्या हातात काठी होती आणि दाराची कडी ते उजव्या हाताने काढत होते. बराच वेळ लागला, मी पुढे गेले नाही.

पायवाट, आता एकच प्रश्न. रात्री बोटे सरळ ठेवण्यासाठी स्प्लिंट घालावा, असे एकांनी सुचवले आहे. बाबांना त्याने झोप लागत नाही. तो आवश्यक आहे का?

पायवाट

ओंजळ, दाराच्या कडीबद्दल वाचून अतिशय आनंद झाला. स्प्लिंटबद्दल: सरसकट सर्वांनी रात्री हाताला स्प्लिंट घातल्याने बोटे आखडणे टळते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. बोटे अजून कोणीतरी हलकेच ताणल्यावर पूर्ण सरळ होत असतील, तर झोप मोडून तो घालण्याचे कारण मला दिसत नाही. पूर्ण सरळ होत नसतील किंवा तळव्यात नखे रुतत असतील, तर मात्र प्रत्यक्ष तपासूनच ठरवावे लागेल, कारण तेव्हा ताठरपणा कमी करणाऱ्या इंजेक्शनचाही विचार करता येतो. या आठवड्यात थेरपिस्टकडे जाल तेव्हा एवढे तपासून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. आणि मोज्याच्या उपचारासाठी पुन्हा कोन मोजायचा दिवस आता जवळ आला असेल, तो चुकवू नका.